पत्र्याच्या शेडपर्यंत तीस फूट वायर

आमच्या वाडीच्या गणपतीचं लायटिंग मी सलग अठरा वर्षं केलं. हे ओळख म्हणून सांगतोय, बढाई थोडी पुढे आहे. गिरगावात कुठल्याही वाडीत विचारा, लायटिंगवाला म्हणजे काय चीज असते ते कळेल. मूर्तिकाराला लोक नमस्कार करतात, सजावटवाल्याचं कौतुक करतात, पण आरतीच्या वेळी अर्धा मांडव अंधारात गेला की सगळ्या माना एकाच माणसाकडे वळतात. अठरा वर्षं त्या माना माझ्याकडे वळल्या आणि मी प्रत्येक वेळी स्टुलावर चढून, दातात टेप धरून, दोन मिनिटांत उजेड पाडला.

त्यामुळे वहिनीने जेव्हा सांगितलं की मागच्या शेडमध्ये लाइट पाहिजे, तेव्हा घरात दुसऱ्या कुणाचं नाव निघायचा प्रश्नच नव्हता. निघालं असतं तर मी रुसलो असतो.

आमची जागा चाळीच्या तळमजल्यावर. दोन खोल्या आणि मागे बागेसाठी म्हणून एक पट्टी. बाग म्हणजे एक पपई, दोन कढीलिंब, जास्वंद आणि कपडे वाळत घालायची तार. पट्टीच्या टोकाला, घरापासून तीस फुटांवर, वडिलांनी उभी केलेली पत्र्याची शेड. लोखंडी अँगल, चारही बाजूंना पत्रा, वर पत्रा, खाली कोबा. त्यात इतकी वर्षं ट्रंका आणि मोडक्या खुर्च्या होत्या. वहिनी एका साड्यांच्या दुकानात अकरा वर्षं फॉल-पिको करत होती. मालकाच्या मशीनवर, मालकाच्या वेळेत. या वर्षी तिने स्वतःचं मोटरवालं मशीन घेतलं, ट्रंका भंगारात काढल्या, शेड धुतली, आणि दुकानात सांगून आली की आता मी माझं काम करणार. दादाने नेहमीप्रमाणे "तुझं तू बघ" असा पूर्ण पाठिंबा दिला आणि ऑफिसला गेला.

"भावोजी, मशीन, एक ट्यूब, एक पंखा आणि इस्त्री," वहिनी म्हणाली. "जमेल ना?"

"वहिनी, मी बारा फुटांचा फिरता मोर उजळलाय."

"मोराला इस्त्री लागत नव्हती."

मी हसण्यावारी नेलं. तिथेच चुकलं. पण ते कळायला दहा दिवस लागले.

काम मी एका रविवारी सकाळी आटपलं. फ्रीजमागच्या प्लगमधून दोन कोरची वायर घेतली, खिडकीच्या गजातून बाहेर काढली, कपड्यांच्या तारेवरून नेली, पपईला सुतळीने एक वेढा दिला, शेडच्या अँगलला दुसरा, आणि दोन पत्र्यांच्या फटीतून आत. मध्ये वायर कमी पडली म्हणून एक जोड दिला. माझा जोड म्हणजे असा की टेप गुंडाळल्यावर बांगडीसारखा गुळगुळीत. वरच्या गॅलरीतल्या काकू सगळं बघत होत्या. "झालं पण?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काकू, अनुभव."

उद्घाटन मीच ठेवलं. वहिनीने मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, मी छोटंसं भाषण केलं आणि बटण दाबलं. ट्यूब दोनदा डोळे मिचकावून लागली. टाळ्या. काकूंनी वरून टाळ्या वाजवल्या हे मी मुद्दाम नमूद करतो.

पहिल्या आठवड्यात वहिनीकडे वाडीतल्याच सहा जणींच्या साड्या आल्या. ती इस्त्री लावायची तेव्हा घरातला फ्रीज कण्हायचा आणि शेडमधली ट्यूब पिवळी पडायची. मी म्हणायचो, "व्होल्टेज कमी आहे आज." रोजच कमी असायचं. वायर हाताला कोमट लागायची. उन्हाने, असं मी ठरवलं. एकदा वहिनी म्हणाली की दाराच्या कडीला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं. मी म्हटलं, "दिवसभर मशीन चालवतेस, हात अवघडत असेल." हे वाक्य मी आज लिहितोय कारण ते मीच बोललो होतो आणि ते कुणा दुसऱ्याच्या माथी मारायची सोय नाही.

दहाव्या दिवशी, बुधवारी, वहिनीने सकाळी शेडचा कोबा पुसला. चपला ती नेहमी बाहेर काढते. ज्या मशीनवर पोट भरायचं त्याच्यासमोर चपला घालून बसायचं नाही, हे तिच्या आईपासूनचं आहे. तर अनवाणी, ओल्या कोब्यावर उभी राहून तिने दार ओढून घ्यायला पत्र्याला हात लावला. मी घरात चहा पीत होतो. तिची हाक आली नाही, भांडं पडल्यासारखा आवाज आला. धावत गेलो तर ती पायरीवर बसलेली, उजवा हात डाव्या हातात धरून. कोपर मशीनच्या टेबलावर आपटलं होतं. चेहरा पांढराफटक.

"शॉकने धरून ठेवलं नाही," ती म्हणाली. "फेकलं. ते बरं झालं."

मी घरात जाऊन प्लग उपटला नाही. आधी टेस्टर आणला, कारण माझा अजून विश्वास बसत नव्हता. टेस्टर दाराला लावला, पेटला. भिंतीच्या पत्र्याला लावला, पेटला. ज्या खिळ्यावर देवीचं कॅलेंडर टांगलं होतं त्या खिळ्याला लावला, तिथेही पेटला. अख्खी शेड जिवंत होती. मग प्लग उपटला.

"वहिनी, मी आत्ता टेप मारून—"

"टेपचं नाव काढायचं नाही."

तिने पदराला हात पुसले, फोन घेतला आणि दुकानाच्या मालकाला लावला. "हो, मीच. नाही, बरी आहे. सोमवारपासून परत आले तर चालेल का?" मालक काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण त्यांचा आवाज खूश होता. फोन ठेवून ती मला म्हणाली, "तुमच्यावर राग नाही भावोजी. पण मी त्या शेडमध्ये पाऊल टाकणार नाही." राग असता तर मला सोपं गेलं असतं.

बुधवार होता. सोमवार पाच दिवसांवर. मला एकच माणूस आठवला आणि तो आठवू नये अशी माझी फार इच्छा होती.

ठाकूरद्वारच्या एका वाडीत आमचा जुना प्रतिस्पर्धी राहतो. तोही लायटिंगवाला. आम्ही मोर केला की तो हत्ती करायचा. फरक एवढाच की त्याने मधल्या काळात परीक्षा दिली, वायरमनचं लायसन घेतलं आणि आता इमारतींची कामं करतो. मी टेप आणि स्टूल यांच्याशी एकनिष्ठ राहिलो. त्याच्या दारात उभा राहिलो तेव्हा तो जेवत होता.

"काय रे मोर? इकडे कुठे?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं तो हसेल. हसला असता तर मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्याने फक्त विचारलं, "वहिनी ठीक आहे ना?" आणि हात धुवून माझ्याबरोबर निघाला.

शेडपाशी तो बराच वेळ हात मागे बांधून उभा राहिला. मग सुतळीचा वेढा सोडला. पत्र्याच्या फटीत, जिथून वायर आत गेली होती, तिथे वारा आला की पत्रा हलायचा. त्या धारेने रोज थोडंथोडं करत वायरचं साल कापलं होतं. आत तांबं चमकत होतं. जोडाचा टेप उन्हाने वितळून ओघळला होता.

"अर्थिंग कुठाय?"

"मांडवाला कुठे असते अर्थिंग?"

"असायला पाहिजे, पण ते सोड," तो म्हणाला. "मांडव बांबूचा असतो रे. बांबूला सुतळीने बांध, कापडाला बांध, बांबू काही बोलत नाही. आणि दहा दिवसांनी तू सगळं उतरवतोस. हा पत्रा आहे. हा उद्याही इथेच आहे, परवाही इथेच आहे. तू मांडव घातलास, लाइट नाही दिली."

अठरा वर्षांत मला माझ्या कामाबद्दल इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. गॅलरीतून काकू ऐकत होत्या, तेही मला दिसलं.

"सोमवारच्या आत होईल?"

"होईल. खोदणार तू."

गुरुवारी त्याने घराचा मेन बोर्ड उघडून बघितला, मीटरवर किती लोड मंजूर आहे ते तपासलं, शेडसाठी वेगळा एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच, आणि त्याच्या शेजारी आणखी एक स्विच बसवला. शुक्रवार आणि शनिवार मी घरापासून शेडपर्यंत दोन फूट खोल चर खोदला. बेचाळीस वर्षं वयाच्या, टेबलाशी बसून काम करणाऱ्या माणसाने गिरगावची जमीन कधी खोदू नये. वरच्या चार इंचांत माती, खाली कौलांचे तुकडे, बशांचे तुकडे, एक काचेची गोटी. काकूंनी वरून विचारलं, "खजिना लागला का रे?" म्हटलं, "लागला तर पहिला हप्ता तुम्हाला." शनिवारी दादा ऑफिसमधून येऊन दहा मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, "सरळ खोद."

चरात वाळू, वाळूवर आर्मर्ड केबल. तिच्या अंगावर लोखंडी तारांचं चिलखत असतं, उद्या कुणी कुदळ मारली तरी सहज कापली जाणार नाही. तिच्यावर परत वाळू, वाळूवर विटा, मग माती. शेडच्या बाजूला, जिथे कढीलिंबाला पाणी घालतो तिथे, अर्थिंगचा खड्डा. त्यात सळई, आणि सळईभोवती कोळसा आणि मीठ.

वहिनी तीन दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती, बाहेर आली नव्हती. मिठाची पिशवी बघून आली.

"हे काय, दृष्ट काढताय?"

"ओल धरून ठेवायला," तो म्हणाला. "वीज कधी चुकून पत्र्यात आली तर तिला जमिनीत जायला सोपी वाट पाहिजे. नाहीतर ती तुमच्यातून जाते."

"गेली होती," वहिनी म्हणाली. पण ती तिथेच उभी राहिली आणि प्रश्न विचारत राहिली. पत्र्याला जोडलेली ती हिरवी वायर कशाला? बोर्डावरचा तो दुसरा स्विच कसला? वीज कुठे गळली की तो क्षणात सगळं बंद करतो, असं त्याने सांगितलं, आणि त्याच्यावरचं छोटं बटण दाखवलं. महिन्यातून एकदा दाबायचं, स्विच पडला तर ठीक. नाही पडला तर शेडमध्ये जायचं नाही, त्याला फोन करायचा.

रविवारी दुपारी त्याने लाइट सुरू केली. ट्यूब एका झटक्यात लागली. त्याने मशीन, पंखा आणि इस्त्री एकदम चालू केली. घरातल्या फ्रीजने हूं की चूं केलं नाही. मग वहिनीने बादलीभर पाणी आणलं आणि कोब्यावर ओतलं.

"भावोजी, चपला काढा."

"आता सगळं नीट आहे वहिनी, त्याने तपासलंय."

"म्हणून तर. चपला काढा आणि पत्र्याला हात लावा."

तो वायरमन बाजूला भिंतीला टेकून उभा राहिला. मला वाचवायची त्याची अजिबात इच्छा दिसली नाही. गॅलरीत आता काकूंबरोबर आणखी दोघी होत्या. मी मांडवात कधी एवढ्या प्रेक्षकांसमोर उभा राहिलो नव्हतो. चपला काढल्या, ओल्या कोब्यावर उभा राहिलो, डोळे मिटले आणि पूर्ण तळहात पत्र्यावर ठेवला. पत्रा उन्हाने तापला होता, बाकी काही नाही. नाटक म्हणून मी एकदा अंग थरथरवलं. वरून किंकाळी आली. वहिनी हलली नाही. "झालं तुमचं?" म्हणाली.

मग तिने स्वतः हात लावला. आधी एक बोट, मग दोन, मग पूर्ण हात. बराच वेळ ठेवला. नंतर घरात बोर्डापाशी जाऊन ते छोटं बटण दाबलं. खट् करून शेडमधलं सगळं बंद पडलं. तिने स्विच वर केला, परत दाबलं, परत वर केला. तिसऱ्यांदाही दाबलं. वायरमनने घाई केली नाही.

कोबा पुसून तिने रबराची चटई अंथरली, ती त्याने आणली होती. फोन लावला. "मी बोलतेय. उद्या येत नाही. हो, नक्की. नाही, तुमचं काही चुकलं नाही." मग स्टुलावर बसली, एक निळी साडी मशीनखाली सरकवली आणि पाय पेडलवर ठेवला.

मी दारात उभा होतो. समाधानाने म्हणा, कौतुकाची वाट बघत म्हणा.

"भावोजी," ती मान वर न करता म्हणाली, "सरका, काठ दिसत नाहीये."