हातात तांदूळ आहेत ना?

कशी सांगू आणि कुठून सांगू, तेच कळत नाही. पण बसा, चहा घ्या. चहा निवला तर दुसरा टाकीन, गोष्ट मात्र अर्ध्यावर सोडून उठायचं नाही.

मी देवाधर्माची बाई. आजवर इतके उपास केलेत की ते एकापुढे एक मांडले, तर आमच्या बोरगाव मेघेपासून वर्धेच्या बसस्टँडपर्यंत रांग लागेल. पण त्या सगळ्या उपासांत मिळून जी फजिती झाली नव्हती, ती एका सोळा सोमवारांत झाली. आणि त्यात महादेवाचा काडीचा दोष नाही बरं. तो बिचारा मागेन ते देत होता. मागणारीच चुकली.

आमच्या ह्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळली, की रोहण्यापासून समुद्रपूरपर्यंतचे शेतकरी ती ह्यांच्याकडे आणून टाकतात. पण दुकान हा ह्यांचा जोडधंदा. मुख्य धंदा पक्ष. तीस वर्षं एकच पक्ष, आणि त्यात एकच काम. सभा असली की सकाळी सतरंज्या अंथरायला पहिले हे आणि सभा उठली की गुंडाळायला शेवटचे हे. मधल्या वेळात, म्हणजे भाषणं चालू असताना, हे माईकच्या वायरीपाशी उकिडवे बसलेले.

यंदा उन्हाळ्यात निवडणूक आली. या वेळी तिकीट ह्यांनाच, असं सगळे म्हणत होते. मी तर पांढरा झब्बा इस्त्री करून खुंटीला लावला. आणि तिकीट मिळालं कोणाला सांगू? परवापर्यंत जो दुसऱ्या पक्षाच्या जीपमध्ये बसून ह्यांच्या पक्षाला शिव्या देत फिरत होता, त्याला. परवा आला, काल हार घातला, आज तिकीट. आणि हार घातला तेव्हा त्याच्या पायाखाली जी सतरंजी होती, ती ह्यांनी अंथरलेली.

हे घरी आले. गळ्यातला दुपट्टा कपडे वाळवायच्या दोरीवर टाकला, दिवाणावर बसले आणि म्हणाले, "शोभे, हा देश राहाण्यासारखा राह्यला नाई. चाल, मुक्तापाशी चालले जाऊ. कायमचे."

मुक्ता आमची एकुलती एक लेक. तिकडे आयर्लंडमध्ये नर्स आहे. 'या, या' म्हणून चार वर्षांपासून आमच्या मागे लागलेली. हे म्हणायचे, निवडणूक होऊ दे, मग. आपल्याकडे कोणती ना कोणती निवडणूक असतेच.

एवढं बोलून हे जे गप्प झाले, ते झालेच. टीव्हीवरच्या बातम्या बंद. पेपर यायचा, पण घडीही मोडायचे नाहीत. जो माणूस वरणात मीठ कमी पडलं तरी एखाद्या मंत्र्याला जबाबदार धरायचा, तो मुकाट्यानं जेवून उठू लागला. दुकानाचं शटर अर्धं वर, अर्धं खाली. ह्यांच्या बडबडीनं माझं डोकं उठतं, असं मी तीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. आता त्या शांततेनं डोकं उठायला लागलं.

आषाढ सरला तरी तेच. मी मनाशी म्हटलं, या माणसाची एवढी एकच इच्छा उरली आहे. ती आपण पुरी नको का करायला?

माझं विचाराल, तर मला कुठेही जायचं नव्हतं. माझी तुळस इथे. माझा महादेव इथे, नळाची वेळ मला पाठ. तिकडे बेलाचं पान मिळतं की नाही, हेही ठाऊक नाही. पण नवऱ्याचा जीव एवढा विटला असेल, तर बेलाचं काय घेऊन बसायचं? श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मी सोळा सोमवार धरले. डोळे मिटून महादेवाला सांगितलं, बाबा, ह्यांना एकदाचं पोरीच्या देशात नेऊन पोचव.

आता ह्या व्रताची रीत अशी. दिवसभर उपास, मिठाचा कण नाही. संध्याकाळी पूजा, कणकेचा तूपगुळाचा चूर्मा, आणि कहाणी. कहाणी नुसती आपल्याशी वाचून भागत नाही, कोणाला तरी ऐकवावी लागते. ऐकणाऱ्यानं मुठीत तांदूळ धरायचे. कहाणी संपली की ते देवाला वाहायचे. आणि तोवर मध्ये एक शब्द बोलायचा नाही. हा शेवटचा नियम पोथीत आहे का, ते विचारू नका. माझ्या सासूबाईंनी मला सांगितला होता आणि मी तो जरा जास्तच मनावर घेतला.

घरात ऐकणारे कोण? हेच.

पहिल्या सोमवारी ह्यांच्या मुठीत तांदूळ दिले, कहाणी सांगितली आणि शेवटी आपलं मागणं जोडलं: "महादेवा, जसा त्यांना पावला तसा आम्हाले पाव. माझ्या मुक्ताच्या देशात आम्हाले कायमचं ने." हे चमकले. मान वर करून माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला ओठ उघडले.

मी म्हटलं, "हातात तांदूळ आहेत ना? मंग बोलाचं नाई."

ह्यांनी ओठ मिटले. तांदूळ वाहिले. मी चूर्म्याचा वाटा पुढे केला, तोही मुकाट खाल्ला. मला वाटलं, गहिवरले असतील.

दुसऱ्या सोमवारी तेच, तिसऱ्या सोमवारी तेच. तिसऱ्या सोमवारी कहाणीला शेजारच्या वंदनाताई पण होत्या. त्या निवृत्त शिक्षिका. नेमानं बुद्धविहारात जातात, व्रतवैकल्य करत नाहीत, पण माझा चूर्मा त्यांना आवडतो. हे उठून गेल्यावर त्या म्हणाल्या, "शोभाताई, देवाले सांगतलं ते बरं केलं. भाऊले इचारलं का?"

"त्यायनंच तं सांगतलं मले."

"कधी?"

"उन्हाळ्यात."

"उन्हाळ्यात आमचे हे बी हिमालयात जातो म्हणत होते. कूलर आणला, राह्यले."

मी हसले. मनात म्हटलं, वंदनाताईंना व्रतातलं काय कळणार. देवा, माफ कर मला.

वंदनाताई कोणाला काही सांगणाऱ्या नाहीत, पण चूर्मा मी आठ घरी वाटायची आणि प्रत्येक घरी तो कशासाठी आहे, ते सांगायची. पाचव्या सोमवारपर्यंत अख्ख्या बोरगावाला कळलं, की रिवाइंडिंगवाले भाऊ देश सोडून चालले. आणि मग जे सुरू झालं, ते काय वर्णावं.

आधी शेतकरी आले. रब्बीचं ओलीत तोंडावर, आणि भाऊ गेले तर जळलेल्या मोटरीत नवी तार कोण भरणार? ज्याची जळली तो आणू लागला, ज्याची जळायची होती तोही आणू लागला. रोहण्याचा एक जण तीन मोटरी घेऊन आला, म्हणे पुढच्या दहा वर्षांचं आत्ताच करून द्या. दुकानाचं शटर पूर्ण वर गेलं. हे सकाळी आठला जाऊ लागले, काळे हात घेऊन रात्री जेवायला येऊ लागले. एकदा तर जेवताना म्हणाले, यंदा कापसाच्या भावाचं काही खरं नाही, आणि हे सगळं कोणामुळे माहीत आहे का? तेवढ्यात मी आठवण करून दिली, की आता तुम्हाला त्याचं काय, आपण तर चाललो. हे पुन्हा गप्प.

मग पक्षवाले आले. तीस वर्षांत ज्यांनी ह्यांना खुर्ची दिली नाही, त्यांनी निरोपाचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, भाषणं. मी खुंटीवरचा पांढरा झब्बा काढून दिला. सत्कार संध्याकाळी सहाचा, आणि हे दुपारी तीनलाच घरून निघाले. मला वाटलं, हुरूप आला. सहाला मी वंदनाताईंना घेऊन सभागृहात गेले, तर सत्कारमूर्ती झब्ब्याच्या बाह्या वर करून सतरंज्या अंथरत होते. कार्यक्रम झाल्यावर गुंडाळल्याही त्यांनीच. शाल खांद्यावर तशीच.

वंदनाताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "हा माणूस आयर्लंडले जाईन?"

मला कुठेतरी टोचलं, खरं सांगते. पण अकरा सोमवार झाले होते. अकराव्या सोमवारी व्रत सोडतं का कोणी?

पासपोर्ट आले. मुक्तानं कागद पाठवले, व्हिसाही आला. मी दोन्ही पासपोर्ट देवापुढे ठेवले, व्हिसाचं पान उघडलं आणि त्यावर कुंकवाचं बोट लावलं. मुक्ता फोनवर सांगू लागली, "आई, ऐक नं, त्या व्हिसात असं आहे की..." मी म्हटलं, बेटा, आज सोमवार आहे, तुझे बाबा तांदूळ घेऊन बसलेत. दर वेळी ती सोमवारीच फोन करायची, कारण तिला तेव्हा सुट्टी. आणि दर वेळी मी तो ठेवायची.

शेवटच्या आठवड्यात माझी तुळस मी वंदनाताईंच्या अंगणात नेऊन ठेवली. कुंडी त्यांच्या भिंतीला टेकवताना हात निघेना. त्या म्हणाल्या, "ठेवा. पाणी घालतो मी." घरी आले तर हे अंगणात उभे. कुंडी होती तिथे मातीचा गोल डाग उरला होता, त्याच्याकडे बघत. मला बघून दुकानाकडे निघून गेले.

सतरावा सोमवार, उद्यापन. वर्धेहून गुरुजी आले. हे पाटावर बसले, मी शेजारी, वंदनाताई दाराशी. गुरुजींनी ह्यांच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं आणि संकल्प म्हणायला लागले. तुम्हाला ठाऊक आहेच, संकल्पात आधी आपला पत्ता सांगतात. देवाला कळावं, की कोण आणि कुठून बोलतंय. जंबुद्वीपे, भरतवर्षे, भरतखंडे, दंडकारण्ये देशे, गोदावर्या उत्तरे तीरे... आणि मग नाव, गोत्र.

"उदक सोडा, भाऊ," गुरुजी म्हणाले.

हे सोडेनात.

"भाऊ, पाणी सोडा."

ह्यांनी हात तसाच धरला. बोटांच्या फटीतून थेंब थेंब गळत होतं, तेही दुसऱ्या हातानं झेलत होते. मग हळूच विचारलं, "गुरुजी, तिकडं गेल्यावर हे काय म्हनावं लागते?"

गुरुजी अडखळले. "तिकडचं दुसरं नाव हाये. द्वीप वेगळं, खंड वेगळं. नदी... नदीचं इचारून सांगतो."

"मंग मले नाई जमत," हे म्हणाले.

माझ्या हातातली पळी खाली पडली. मी म्हटलं, "अवो, काऊन? तुमालेच तं जाचं होतं."

"मले कुठं जाचं होतं? तुले जाचं होतं."

"मले?"

"सोळा सोमवार तू उपाशी. पोरीचं नाव घेऊन, डोये मिटून मांगून राह्यली. कोन्या तोंडानं नाई म्हनू तुले? म्हनलं, बाईनं तीस वर्षं माह्या सतरंज्या सोसल्या, आपन एक आयर्लंड सोसू."

"पन तुमीच म्हनले होते, हा देश राहाण्यासारखा नाई म्हनून."

"म्हनलं. आजही म्हन्तो. पन शिव्या द्याले बी वळखीचे लोकं लागते, शोभे. तिकडं मी कोनाले देऊ? मले त्यायच्या एका मंत्र्याचं नाव येत नाई."

आणि मग डोळ्यांना झब्ब्याची बाही लावली. मी पण पदर लावला. गुरुजींनी पंचा लावला. एका वंदनाताईंचे डोळे कोरडे. त्या उठल्या, आपल्या अंगणात गेल्या आणि तुळशीची कुंडी कडेवर लेकरू घ्यावं तशी घेऊन आल्या. मातीच्या त्या गोल डागावर बरोबर ठेवली. म्हणाल्या, "दुसरीकडं हलवलीच नव्हती मी. म्हनलं, न्याले येतीलच."

मी ह्यांना म्हटलं, अहो, मग पहिल्याच सोमवारी सांगायचं ना.

"सांगत होतो. तू म्हनली, हातात तांदूळ आहेत."

तेवढ्यात फोन वाजला. सोमवार ना, मुक्ता. म्हटलं, आज तरी पोरीचं पूर्ण ऐकावं. रडत रडत सांगितलं, की बाळा, आम्ही कायमचे काही येत नाही, तू मन घट्ट कर. ती म्हणाली, "आई, कायमचं कोण म्हणालं? तीन महिन्यांचा व्हिसा आहे. किती दिवसांपासून सांगून राहिली मी. त्यावर लिहिलं पण आहे."

मी धावत देवापुढचा पासपोर्ट आणला. लिहिलेलं असेल. बरोबर त्या आकड्यावर माझं कुंकवाचं बोट होतं.

तर आता आम्ही नवा व्हिसा काढून मार्चमध्ये जाणार आहोत. तीन महिने लेकीकडे राहायचं, जमलं तर तिकडच्या नदीचं नाव विचारून घ्यायचं, आणि आपल्या तुळशीपाशी परत. पाणी घालायला वंदनाताई आहेत. ह्यांनी पक्षाला सांगून टाकलंय, तीन महिने सतरंज्यांचं तुम्ही बघा. पक्षानं शाल परत मागितली नाही, एवढं मात्र चांगलं.

आणि मी एक नवा नेम धरला आहे. सोळा सोमवार मी बोलले, ह्यांनी ऐकलं. आता पुढचे सोळा सोमवार ह्यांनी बोलायचं, मी ऐकायचं. गेल्या सोमवारी पहिला. दिवा लावला, मूठभर तांदूळ घेऊन मी पाटावर बसले. ह्यांनी सुरुवात केली ती तीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या सभेपासून. कोण कोणत्या जीपमध्ये होता, कोणी कधी उडी मारली, कोणाचा हार कोणाच्या गळ्यात पडला. वात संपली, मी नवी लावली. चूर्मा गार झाला. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण माणसाचा चेहरा असा खुलला होता, की मी आपली गालात हसत ऐकत बसले.

सव्वा तासानं हे जेमतेम मागच्या निवडणुकीपर्यंत आले. मला राहवेना. मी फक्त एवढंच म्हणायला तोंड उघडलं, की अहो, बाकीचं पुढच्या सोमवारी...

ह्यांनी नुसतं बोट वर केलं.

"हातात तांदूळ आहेत ना?"