कौसल्याताई आणि परत येणारी बरणी

कौसल्याताई गांगुर्डे यांना मी प्रथम पाहिलं ते भांडताना. गंगापूर रोडवरच्या एका लॉन्समध्ये मी लग्नाला गेले होते. जेवण उरकून हात धुवायला मागच्या बाजूला गेले, तर तिथे एक गडी काचेच्या चांगल्या धडधाकट बरण्या गोणपाटात घालून हातोडीने फोडत होता. कंपाउंडच्या भिंतीवर सिमेंटात काचा रोवायच्या होत्या म्हणे. त्याच्यासमोर एक ठेंगण्या बाई पदर खोचून उभ्या होत्या आणि मॅनेजर त्यांना समजावत होता, "मावशी, भंगार आहे ते. तुम्हाला काय करायचंय?"

"भंगार? आरं, धुतली तर उद्या तिच्यात लोणचं भरशील. चांगली वस्तू फोडून भितीवर लावतो! चोर राहिला बाजूला, आधी मांजराचा पाय कापंल, ते नाय दिसत तुला?"

मॅनेजर हसला. ताई हसल्या नाहीत. उरलेल्या बरण्या त्यांनी सरळ रिक्षात भरायला घेतल्या आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "बघत काय उभी राहिली? धर ना ही." मी धरली. दोन बरण्या मांडीवर घेऊन मी त्यांच्याबरोबर पंचवटीत त्यांच्या घरी पोचले. नवरीचा आहेर माझ्या पर्समध्येच राहिला. तेव्हापासून मी ताईंच्या हाताखाली आहे.

आज ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांनी उभ्या केलेल्या आपल्या लोणची-मुरंब्यांच्या महिला संस्थेने त्यांचा सत्कार ठरवला, हा गौरवग्रंथ काढला, याचा मला आनंद आहे. संपादक मंडळाने मला 'चार गोड शब्द' लिहायला सांगितले आणि वादाचा विषय टाळा, असंही बजावलं. गोड लिहायला माझी हरकत नव्हती. परंतु सकाळी ज्या मांडवात ताईंना शाल द्यायची, त्याच मांडवात दुपारी वार्षिक सभा आहे आणि त्या सभेपुढे एक ठराव येणार आहे. काचेच्या बरण्या बंद करायच्या, सगळा माल प्लास्टिकच्या पाऊचमध्ये भरायचा, बरण्या धुण्याची शेड पाडायची आणि त्या जागेवर सभागृह बांधायचं. सभागृहाला नाव द्यायचं कौसल्याताईंचं! ज्यांचं काम बंद पाडायचं त्यांच्याच नावाची पाटी वर ठोकायची, हा कुठला सन्मान? मला संताप आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

ताईंचं काम काय, हे नव्या सभासदांना ठाऊक असावं म्हणून सांगते. आपली बरणी गिऱ्हाइकाकडून परत येते. शेडमध्ये ती सोड्याच्या गरम पाण्यात भिजते, घासली जाते, उकळत्या पाण्यातून निघते आणि उन्हात बांबूच्या मांडणीवर पालथी पडते. मग काठावरून बोट फिरवून पाहायचं, नाकाशी धरून वास घ्यायचा. कैरीच्या लोणच्याचा वास राहिला असेल तर ती मोरावळ्याला जात नाही. टवका उडालेली बरणी अन्नाला वापरायची नाही, ती वेगळी काढून वितळवायला पाठवायची. झाकण दर वेळी नवं. हे सगळं ताईंनी बसवलं. ज्या बायकांना चुलीपुढे उभं राहणं झेपत नाही, त्यांना या शेडमध्ये बसून करण्यासारखं काम मिळालं. माझी स्वतःची थोरली जाऊ तिथेच पाट टाकून बसायची.

आता एक गंमत सांगते. या परत येणाऱ्या बरणीमुळे संस्था एकदा बुडता बुडता राहिली. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. त्यामुळे गिऱ्हाइकं बरणी द्यायची तीही काहीतरी घालूनच. कुणी मूठभर साखर, कुणी पोहे, कुणी मनुका; ओझरच्या एक बाई तर नेमाने शेंगदाण्याचा लाडू पाठवायच्या. शेडमध्ये मुंग्यांची रांग लागली. तेव्हाच्या समितीतल्या शिकल्यासवरल्या भगिनींनी दारावर नोटीस लावली, 'कृपया बरण्या रिकाम्याच परत कराव्यात.' झालं! बरण्या यायच्याच बंद झाल्या. रिकामी पाठवायला कुणाचा हात धजेना आणि भरून पाठवायची सोय नाही, म्हणून बरण्या घरोघरी फळीवर बसल्या. समितीला कारण कळेना. बाहेरून नव्या बरण्या मागवायची भाषा सुरू झाली. ताईंनी ती नोटीस टराटरा फाडली, दारात एक मोठा डबा ठेवला आणि म्हणाल्या, "आणू द्या त्यांना काय आणायचं ते. हितं वता, बरणी धुवायला घ्या." आठवड्याभरात बरण्यांनी शेड भरली. त्या डब्यातल्या साखरेवर शेडचा चहा होऊ लागला, तो आजही होतो. लोकांच्या घरातली रीत मोडायची नसते, तिला सोबत घ्यायचं असतं, हे ताईंना उपजत कळत होतं. पाऊचमध्ये साखर घालून परत पाठवलेली कुणी पाहिली आहे का? पाऊच परत येतच नाही. तो नासर्डी नदीच्या काठावर पडतो, नाहीतर गाईच्या पोटात जातो.

समितीचं म्हणणं, काच जड, काच फुटते, मालेगावपर्यंत न्यायची तर निम्म्या बरण्या वाटेतच जातात. साफ खोटं! फुटायच्या, नाही असं मी म्हणत नाही. पण पॅकिंग ताईंकडे असताना खोक्यांत घोटीचा भाताचा पेंढा दाबून भरला जायचा आणि टेंपो निघण्याआधी त्या स्वतः प्रत्येक खोकं हलवून पाहायच्या. आवाज आला की खोकं खाली. गेल्या वर्षी पेंढा बंद केला, कारण तो 'दिसायला गावठी' वाटतो, असं कुण्या सल्लागाराने सांगितलं. पेंढा आपणच काढला, बरण्या फुटल्या आणि आता दोष काचेचा! नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

ताईंचा स्वभाव कडक आहे, हे मी मान्य करते. बरणी हरवली म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात शिरून त्यांनी ती शोधून काढलेली मी पाहिली आहे. पण माझे यजमान सिव्हिल हॉस्पिटलात होते तेव्हा याच ताई रोज फडक्यात गुंडाळलेली पेजेची बरणी घेऊन यायच्या. यजमानांना पेज भरवायला मला बळ नसे, तर त्या भरवायच्या. एकदा मी घाईघाईने बरणी विसळून परत करू लागले. त्यांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे गं. बरणीची काय घाई नाय." ज्यांनी ताईंना ओळखलं आहे, त्यांना या वाक्याचं मोल कळेल. मी तिथेच कॉरिडॉरमध्ये रडले.

सभागृहाचा नकाशा घेऊन अध्यक्षा ताईंकडे गेल्या, तेव्हा मी तिथे होते. ताईंनी चष्मा लावून तो नीट पाहिला. "लय भारी हाय. यात नळ कुठंय?"

"ताई, सभागृहात नळ कशाला?"

"मंग माझं नाव कशाला?"

अध्यक्षा हसल्या. त्यांना वाटलं, ताई विनय करत आहेत. ताई विनय करत नव्हत्या. अध्यक्षा गेल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग मला म्हणाल्या, "सकाळी उठून मी आता जायचं कुठं?" इतक्या वर्षांत ताईंचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

कौसल्याताईंना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे, डोळे आणि जीभ आहेत तसेच धडधाकट राहोत, एवढं मी आपल्या सर्वांच्या वतीने काळारामाकडे मागते. बाकीचं मागणं देवाकडे नाही, तुमच्याकडे आहे. सभासद भगिनींनो, सकाळी शाल दिली जाईल तेव्हा हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवा. ताईंचा तो हक्क आहे. जेवणानंतर ठराव वाचला जाईल आणि ताई पहिल्या रांगेत बसून मागे वळून पाहतील, तेव्हा मात्र तुमचा एकही हात वर दिसू देऊ नका.