रोगणाचा तिसरा हात

माझा बाप नावाडी होता. वर्धा नदीच्या अल्याड, राळेगावच्या बाजूला आमचं घर आणि घरासमोरच घाट. आम्हाला तेव्हा नुकतंच मुंबई राज्यात टाकलं होतं म्हणे. कुठे मुंबई अन् कुठे आम्ही! दिवाळीपर्यंत नदी दोन्ही काठ धरून वाहायची, आणि पल्याड जायचं तर बापाची मर्जी सांभाळावी लागायची. ती सांभाळणं सोपं नव्हतं.

नवरात्रात नाव पाण्याबाहेर निघायची. गडी लावून ती काठावर ओढायची, ओंडक्यांवर टेकवायची. मग खुरप्याने शेवाळ खरवडायचं, राखेने फळ्या घासायच्या, धुऊन उन्हात वाळू द्यायच्या. फटींत ताग ठासायचा. बुडाला डांबर. वरच्या फळ्यांना रोगण, म्हणजे जवसाचं तेल राळ घालून कढवायचं आणि कोमट असतानाच फडक्याने चोळायचं. पातळ चोळायचं. जाड थापलं की आठवडाभर चिकट राहतं आणि नदीकाठची सगळी धूळ त्यावर येऊन बसते. एक हात वाळला की दुसरा, बस. नवमीला पूजा, दसऱ्याला नाव पाण्यात. हे सारं माझ्या गळ्यात होतं, कारण बापाला मुलगा नव्हता आणि मी सोळा वर्षांची धट्टीकट्टी होते. आमच्या केसांना तेल मिळायचं सणासुदीला, लाड सगळे नावेचे. लोक म्हणायचे, नाव काय आरसा आहे! बाप मिशीत हसायचा.

थोरली बहीण पल्याड दिली होती, काठावरच्याच गावात. नागपंचमीला माहेरी आली तेव्हा तिने मायला पाठ दाखवली. भाजी खारट झाली म्हणून सासूने उलथणं तापवून डागलं होतं. बाप म्हणाला, सगळ्यांच्याच सासवा अशा असतात, आणि सण होताच स्वतः नेऊन सोडली. वल्हं मारताना गाणं म्हणत होता मेला. बापाला मेला म्हणू नये, पण मी म्हणते.

त्या साली आठव्या माळेच्या दिवशी, ऊन चांगलं वर आल्यावर, पल्याडून हाक आली. थोरली होती. लुगडं चिखलाने भरलेलं, डोक्यावर पदर नाही, दोन्ही हात वर करून नाव मागत होती. ते मागून येऊन राह्यले, बाबा, मले घेऊन जा, असं ओरडत होती. पाण्यावरून आवाज साफ येतो, शब्द न् शब्द ऐकू येत होता. जवळपास दुसरी नाव नव्हती. सासरचे पोचायच्या आत आमची नाव गेली तर ती सुटणार होती, नाही गेली तर मेली, हे कळायला मला कोणी सांगायची गरज नव्हती.

बाप नावेला लागून बिडी ओढत बसला होता. तो उठला नाही. म्हणाला, रोगण ओलं आहे, आता लोटली तर पाण्याने पांढरं पडेल, सगळी मेहनत मातीत. पण दुसरा हात मीच मारला होता, दोन दिवस कडक ऊनही पडलं होतं. मी फळीवर बोट दाबलं. मग अख्खा तळवा दाबला. काही चिकटलं नाही. वाळलं, बाबा, असं मी मोठ्याने सांगितलं. घाटावरची माणसं धोतरं खोचून उठलीसुद्धा, लोटायला.

बापाने बिडी विझवली. गाडग्यातलं उरलेलं रोगण ओढलं, फडकं बुडवलं आणि त्या कोरड्या फळ्यांवर तिसरा हात मारायला लागला. आमच्या नावेला तिसरा हात कधी मारला नव्हता. पुढच्या टोकापासून सुरुवात केली, शांतपणे, एक फळी न सोडता. माणसं पुन्हा खाली बसली, कारण नाव त्याची होती.

तेवढ्यात माय धावत आली.

"मागच्या साली तहसीलदारासाठी ओलीच लोटली होती ना तुम्ही?"

"तहसीलदार जाणारा मानूस होता," बाप हात न थांबवता म्हणाला. "हे एकदा आली तं मंग जाईन काय?"

मग मायही नावेपासून दोन पावलं मागे सरली. बापापेक्षा तिचाच राग मला जास्त आला. माझ्यासाठी स्थळं पाहत होते, आणि थोरली घरी येऊन बसली तर धाकटीला कोण करणार, हा विचार तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसला.

थोरली ओरडत राहिली. आवाज बसला तेव्हा नुसतेच हात हलवत राहिली. शेवटी नवरा आणि दीर आले, दंडाला धरून ओढत घेऊन गेले. तोवर बापाची एक बाजू झाली होती. मग त्याने दुसरीही केली.

ते रोगण काही दसऱ्यापर्यंत वाळलं नाही. जाड बसलं होतं, हाताला चिकटत होतं. तरी नाव लोटली, कारण लोकांना सोनं द्यायला पल्याड जायचं होतं. तेव्हा कुठे गेलं पांढरं पडणं! बाप आधी थोरलीच्याच सासरी गेला, मलाही नेलं. व्याही-व्याही गळ्यात पडले. सासरा म्हणाला, नाव लांबूनच चकाकते. मग काय, बाप रंगात आला. आच किती ठेवायची, राळ कधी टाकायची, सगळं सांगत बसला. थोरली आतून आली. एक डोळा सुजून बंद झालेला. ती बापाच्या पाया पडली, आणि त्याने अखंड सौभाग्याचा आशीर्वाद दिला. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मला दोन स्थळं आली. पल्याडचं बरं होतं, घरी विहीर, दोन बैलजोड्या. अल्याडचं अगदीच साधं.

"मले अल्याडच द्या, बाबा," मी म्हटलं.

नाव मागावी लागणार नाही असं गाव मला हवं होतं. बाप गहिवरला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला की धाकटीचा माझ्यावर फार जीव, मला सोडून लांब जायला तयार नाही. मरेपर्यंत तो तसंच सांगत होता, आणि मी त्याला सांगू दिलं.