तेवीस वह्या आणि एकच क

सुंदरीअक्कांना मराठी लिहिता येत नव्हतं, वाचता येत नव्हतं, आणि तरी मराठीपायी त्यांनी जिवाचं रान केलं. यात नवल काही नाही. तंजावुरातल्या मराठी घरांतून तोंडात मराठी आणि हातात तमिळ असाच कारभार. शाळा तमिळ, किराण्याची यादी तमिळ, मात्र भांडण झालं की शिव्या मराठीत. पुण्याकडचा कोणी आला आणि त्याने विचारलं, 'अहो, तुम्ही मराठी आणि मराठी वाचता येत नाही?' तर त्याला कॉफी द्यायची आणि गप्प बसायचं, दुसरं काय करणार!

अक्का टेलिफोन एक्स्चेंजात होत्या. चौतीस वर्षं ट्रंक कॉल जोडले. लग्न झालं नाही, का झालं नाही ते विचारायची कोणाची छाती नव्हती. कानाला यंत्र लावून बसल्या की पार कुंभकोणमपर्यंतच्या लाइनी त्यांच्या ताब्यात. लाइन खरखरली की त्या म्हणत, "पुन्हा सांगा. पहिलं अक्षर कोणतं? क? कसला क? कावेरीतला की गंगेतला?" तमिळ लिहिताना दोन्हींना अक्षर एकच, म्हणून हा प्रश्न. समोरचा वैतागायचा, पण अक्का अंदाजाने निरोप पुढे ढकलत नसत. त्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीने एक निरोप अंदाजाने दिला होता. तिरुवैयारूच्या म्हाताऱ्याला 'बरं नाही' असा निरोप, त्यातला 'नाही' लाइनीने खाल्ला. मुलाला कळलं, बाबांना बरं आहे. तो आरामात चौथ्या दिवशी आला, तेव्हा अस्थी कावेरीत गेल्या होत्या. तो माणूस एक्स्चेंजच्या पायरीवर बसून रडला ते अक्कांनी पाहिलं. तेव्हापासून त्यांचा नेम झाला, ऐकू आलं नाही तर 'ऐकू आलं नाही' म्हणायचं.

चौऱ्याण्णव साली त्या निवृत्त झाल्या. तोवर कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे फलक लागले होते, लोक आपले आपण नंबर फिरवत होते, आणि एक्स्चेंजात बायका माश्या मारत बसल्या होत्या. त्याच वर्षी धाकटा भाऊ मुरलीकृष्ण मद्रासहून आला आणि म्हणाला, "अक्का, घर विकू या. खाली कॉम्प्युटर क्लास काढायला गिऱ्हाईक आलंय." घर दोघांचं. अक्का 'नको' म्हणू शकल्या असत्या, पण एकटीने ते कौलं शाकारत बसायचं तरी किती वर्षं? त्या 'बरं' म्हणाल्या आणि दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात गेल्या.

सामान काढताना आईच्या वह्या निघाल्या. तेवीस.

आईचं नाव राजम. तमिळ शाळेत पाचवीपर्यंत शिकली, सतराव्या वर्षी लग्न होऊन आली, आणि त्या वर्षापासून रोज दुपारी चार ओळी लिहायची. लिहायची मराठी, पण अक्षरं तमिळ. दुसरी येतच नव्हती! गल्लीत कोणाचं घर कोणी घेतलं, नवरात्रात कोणी किती पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या, कोणत्या लग्नात कोणत्या बाईने कोणतं गाणं म्हटलं, ते अख्खं गाणं, कालव्याला पाणी कधी सुटलं, कोणाची सून माहेरी का राहिली. पंचेचाळीस वर्षांची सगळी गल्ली त्या तेवीस वह्यांत बसली होती. राजवाड्यातल्या पोथ्यांत राजे असतात. त्यांच्या राज्यात बायका आमटी कशी करत आणि रडत कशा, हे लिहायला कोणाला वेळ होता?

तमिळ अक्षरांची मात्र एक गंमत आहे. क, ख, ग, घ या चौघांना मिळून अक्षर एकच. प, फ, ब, भ यांचं तेच, ट, ठ, ड, ढ यांचंही तेच. बाप लिहा की पाप लिहा, कागदावर फरक नाही. तमिळ बोलणाऱ्याचं त्यात काही अडत नाही, अडतं ते आपलं. पण आई लिहायची स्वतःसाठी, तिला ठाऊक होतं तिचा बाप कोणता आणि पाप कोणतं.

मुरली म्हणाला, "रद्दीत घाल. कोण वाचणार?"

"तुझी लग्नपत्रिका घाल रद्दीत," अक्का म्हणाल्या.

बसस्टॅण्डापलीकडच्या सरकारी वाचनालयाने तेव्हा एक फलक लावला होता, घरातली जुनी कागदपत्रं आणून द्या, गावाचा इतिहास जपू. राजवाड्यातलं ते मोठं ग्रंथालय नव्हे हं. हे साधं, पेपर वाचायला निवृत्त लोक येतात ते. अक्का रिक्षातून तेवीस वह्या घेऊन गेल्या. तिथला कारकून सुब्रमण्यम, चाळिशीचा, सभ्य माणूस. त्याने पावती केली, देणाऱ्याचं नाव लिहिलं, वह्या मोजल्या, आणि 'भाषा' या रकान्याशी त्याचं पेन थांबलं.

"तमिळ ना अम्मा?"

"मराठी."

त्याने वही उघडली. "अक्षरं तर तमिळ आहेत."

"अक्षरं तमिळ, भाषा मराठी."

"मग मी काय लिहू?"

"मराठी लिही."

"मराठीच्या कपाटात देवनागरी आणि मोडी लागते अम्मा. साहेब ओरडतील." त्याने रकाना कोराच ठेवला, आणि तिथेच माशी शिंकली.

पुढचं दीड वर्ष अक्कांनी त्या रिकाम्या रकान्यामागे घालवलं. वाचनालयाच्या तमिळ पंडितांनी वही पाहिली, दोन ओळी मोठ्याने वाचल्या आणि म्हणाले, "अर्थ काही लागत नाही. बाईंना भ्रम वगैरे होता का?" अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने. मग महाराष्ट्रातून एक प्राध्यापक मोडी कागद पाहायला आले होते, त्यांना अक्कांनी गाठलं. त्यांनी वही दोन बोटांनी उचलली. "हे तर तमिळ आहे. माझा विषय नाही." अक्का म्हणाल्या, "मी वाचून दाखवते की." त्यांनी वाचलं, प्राध्यापक ऐकत राहिले आणि हसून म्हणाले, "गोड आहे. पण हिला काही मराठी म्हणता येणार नाही." नाकाने कांदे सोलायलाही एक पदवी लागते बहुतेक.

परके ते परके, घरचे तरी काय! समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष हनुमंतराव, ऐंशीचे. अक्का सुब्रमण्यमकडून एक वही दोन दिवसांसाठी मागून घेऊन त्यांच्याकडे दाखला मागायला गेल्या. "हनुमंतमामा, एवढंच लिहून द्या, ही मराठी आहे." मामांनी वही वाचली, मान डोलावली, एका गाण्याला तर ठेका धरला. आणि म्हणाले, "सुंदरी, हे आपलं घरचं बोलणं गं. याला मराठी म्हणून सही कशी करू? खरी मराठी पुण्याची. लोक हसतील." ज्या भाषेत ते बायकोवर साठ वर्षं ओरडले, ती खरी नव्हती म्हणे!

पंच्याण्णवच्या शेवटी सुब्रमण्यम स्वतः घरी आला. वाचनालयाला पैसे मंजूर झाले होते, देणगीच्या कागदांचं मायक्रोफिल्म होणार होतं. मद्रासहून अधिकारी येऊन भाषावार यादी करणार होते. यादीत आलं ते जपलं जाणार. यादीत नसलेलं खालच्या खोलीत जाणार, आणि त्या खोलीत पावसाळ्यात घोट्याएवढं पाणी असे. सगळ्यांना ठाऊक होतं.

"मद्रासच्या साहेबांना मी बोललोय अम्मा. तुम्ही या."

अधिकारी तरुण होते, नम्र होते, उठून खुर्ची दिली. अशा माणसावर ओरडताही येत नाही. म्हणाले, "अम्मा, माझी अडचण समजा. यात भाषा आहे हे मला कसं कळणार? दाखला नाही, पंडितांचा शेरा उलटा."

अक्का म्हणाल्या, "माझी परीक्षा घ्या. कोठलीही वही उघडा. तुमच्या माणसाने वाचावं, मी अर्थ सांगते. शब्दाला शब्द."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण तेव्हा त्यांना ते कसं कळावं? चौतीस वर्षं खरखरत्या लाइनीवर शब्द ओळखलेली बाई ती.

सुब्रमण्यम वाचू लागला. तमिळ जिभेने वाचायचा, त्यामुळे भाताचा पात व्हायचा आणि घराचं कर. अक्का डोळे मिटून ऐकत आणि सांगत. एके ठिकाणी त्याने वाचलं, तिरुवैयारूच्या वाटेवर रुक्मिणीची 'काडी मोडली.' अक्का खळखळून हसल्या. "काडी नव्हे रे, गाडी! काडी मोडली म्हणजे नवऱ्याने सोडली. रुक्मिणीमावशीचा संसार चांगला पन्नास वर्षं चालला. पुढे बघ, चाकाचं असेल." पुढे खरंच चाक होतं, चिखल होता, आणि भाड्याचे बैल होते. साहेबही हसले. त्यांनी तीन वह्यांतून सहा जागा काढल्या, अक्कांनी सहाही सांगितल्या. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. 'मराठी' या शब्दाचं पहिलं अक्षर अक्कांना जवळजवळ दिसत होतं.

"एक शेवटचं," साहेब म्हणाले, आणि त्यांनी तेविसावी वही उचलली.

अक्कांनी डोळे उघडले.

चौऱ्याहत्तर सालच्या मार्गशीर्षातली ती वही. आई गेली त्या दिवशी सकाळी म्हणाली होती, "छाती जड वाटते गं. आज जाऊ नको." अक्का म्हणाल्या होत्या, "रजा नाही आई, संध्याकाळी येते." मुरली मद्रासला, शेजारचे लग्नाला गेलेले. दुपारी तीन वाजता घरकामाच्या बाईचा एक्स्चेंजात निरोप आला, तो दुसऱ्याच मुलीने घेतला. घरी पोचल्या तेव्हा आई भिंतीला टेकून होती, मांडीवर वही, पेनाचं टोपण काढलेलं. त्या दिवसाची ओळ अक्कांनी तेव्हा एकदाच वाचली, वही मिटली, आणि एकवीस वर्षं उघडली नाही.

"शेवटचं पान," साहेब म्हणाले. "दोनच शब्द आहेत. सोपं आहे."

सुब्रमण्यमने वाचलं. "सगळे कोटे."

खोलीत पंखा फिरत होता.

"अम्मा?"

"पुन्हा वाच," अक्का म्हणाल्या.

"सगळे कोटे." तो तरी दुसरं काय वाचणार! त्याच्या जिभेवर क एकच होता.

"यातला पहिला शब्द म्हणजे सर्व," अक्का सावकाश म्हणाल्या. "दुसऱ्याचे दोन अर्थ होतात. तो 'खोटे' असेल तर, सगळं खोटं आहे. 'कोठे' असेल तर..." त्यांनी वहीकडे पाहिलं. "तर, सगळे कुठे आहेत."

"यातलं कोणतं?"

साहेबांनी साधा प्रश्न विचारला होता. पुढे चाक नव्हतं, चिखल नव्हता, बैल नव्हते. पुढे कोरं पान होतं. पोथ्या ऐकणारी बाई होती आई, जाताना 'सगळे खोटे' म्हणाली असेल, शांतपणे, संसाराला हात जोडून. असेलही. किंवा रिकाम्या घरात दाराकडे बघत विचारलं असेल, सगळे कोठे? घरात सगळे म्हणजे कोण होतं? एक सुंदरी होती, आणि ती लोकांचे फोन जोडत होती.

"अम्मा, कोणतंही एक सांगा," सुब्रमण्यम हळूच म्हणाला.

इकडे आड, तिकडे विहीर. 'खोटे' म्हटलं असतं तर कोण पकडणार होतं? तेवीस वह्या यादीत गेल्या असत्या, आई मराठीच्या कपाटात बसली असती, आणि अक्काही सुटल्या असत्या. 'खोटे'च असावं म्हणून एकवीस वर्षं त्यांनी देवापुढे हात जोडले होते. म्हणूनच त्यांना ते म्हणता येईना. इतकं हवंसं वाटलेलं उत्तर आईच्या तोंडी घालायचं कसं?

"ऐकू आलं नाही," अक्का म्हणाल्या. मग भानावर येऊन म्हणाल्या, "म्हणजे, मला ठाऊक नाही."

साहेबांना खरंच वाईट वाटलं. पण त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. त्यांनी लिहिलं, सुब्रमण्यमने पुढे केलं, आणि अक्कांनी सही करण्याआधी वाचलं. वह्या तेवीस. लिपी तमिळ. भाषा अनिश्चित. अर्थ: वह्या देणाऱ्या बाईंना ठाऊक नाही.

"सगळ्याच वह्यांचा ठाऊक नाही असं नाही हो," अक्का म्हणाल्या. "एका शब्दाचा."

"रकाना एकच आहे अम्मा," सुब्रमण्यम म्हणाला. त्याला त्यांच्याकडे बघवेना.

"मग परत द्या मला. घरी नेते."

"दिलेलं परत देता येत नाही. नियम आहे."

अक्कांनी सही केली, तमिळमध्ये. सुब्रमण्यमने वह्या दोरीने बांधल्या. तेविसावी सर्वांत वर आली होती. अक्का उठल्या आणि तिच्यावर वाकल्या, अगदी कानाजवळ बोलावं तशा. साहेबांना वाटलं, नमस्कार करताहेत.

"आई," त्या म्हणाल्या, "पुन्हा सांग गं."

मग सुब्रमण्यमने गठ्ठा उचलला आणि जिना उतरून खालच्या खोलीत नेला.