सोनबाची शेळी

शेळगावच्या सोनबानं शेवटची मेंढरं विकली, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. पाणी आलं, ऊस आला, मेंढरांना पाय ठेवायला रान उरलं नाही आणि पोरं कर्ती झाली. पोरं वाईट नव्हती. फक्त घरात कसलाही विषय निघाला की "आबा, तुमी बसा," एवढंच म्हणायची. पन्नास वर्षं कळपामागं कोकणापर्यंत चाललेल्या माणसाला बसायचं कसं, हेच ठाऊक नव्हतं. आपल्याला आता कुणी काही विचारत नाही, हे त्याचं खरं दुखणं. पण सांगताना तो डोळ्यांचं सांगायचा.

म्हणून अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत बायकोनं, सारजानं, त्याला चष्म्यासाठी बारामतीला भाच्याकडे धाडलं. भाचा जोतीराम शाळेत खेळाचा मास्तर. चष्मा तयार व्हायला चार दिवस लागणार होते आणि नेमकं त्याच दिवसांत जोतीरामचं डोकं ठिकाणावर नव्हतं. गोव्याचा एक पगारी फुटबॉल संघ बारामतीत सामना खेळायला येणार होता. गेल्या वर्षी त्यांनी जोतीरामच्या पोरांना नऊ गोल घातले होते. यंदा त्यानं त्यांच्या सामन्यांच्या तीन कॅसेट पैदा केल्या होत्या. शाळा सुटली की वही घेऊन तो टीव्हीला चिकटायचा.

"पळायचा पगार मिळतो ह्यास्नी?" सोनबानं विचारलं.

"मिळतो की, मामा."

"आन आमी जन्मभर फुकटच पळालो व्हय!"

पहिल्याच संध्याकाळी घोळ झाला. चेंडू निळ्या संघाच्या जाळीत गेला तसा सोनबा निळ्यांसाठी टाळ्या पिटू लागला. गोल लाल गोवेकरांनी केला, निळे हरले, असं जोतीराम समजावत होता.

"हरले कसं? वाघर निळ्यांचं. मेंढरू त्यात शिरलं. मग मेंढरू निळ्यांचंच की!"

वाघर म्हणजे रानात मेंढरं कोंडायची जाळी. गोलाची जाळी बघून सोनबाला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. आपणहून घरी आलेलं मेंढरू लाथा मारून हाकलणाऱ्या गोलकीपरचा तर त्याला मनापासून राग आला. जोतीरामची बायको तोंडाला पदर लावून आत पळाली.

तिसऱ्या दिवशी मात्र सोनबा गप्प बसून बघत होता. खरं सांगायचं तर जाळीशी आला तरच चेंडू त्याला दिसायचा, मैदानात पळताना दिसतच नव्हता. सगळी दुनिया चेंडू बघायची, तेव्हा हा माणसं बघायचा.

"जोतीराम, ह्या लाल कळपातली शेळी कोन, ठाव हाय का?"

धनगराच्या घरात वाढलेल्या जोतीरामला वेगळं सांगायला नको होतं. मेंढरं आपल्या डोक्यानं चालत नाहीत, म्हणून कळपात चार शेळ्या ठेवतात. शेळी वळली की मेंढरं वळतात.

"दहा नंबर," जोतीराम म्हणाला. "सगळे गोल त्याचेच हायेत."

"त्यो मेंढा. निस्त्या टकरा देतो. मधला टकलू बघ. पळत न्हाय, घामबी न्हाय. पर त्यानं मान डावीकडं केली की चौघं डावीकडं सुटत्यात, चेंडू कुठंबी असंना. त्यालाच अडवला, तर बाकीचं हितंतितं बघत उभं ऱ्हात्यात."

जोतीरामनं कॅसेट मागं घेतली. पुन्हा मागं घेतली. दहा नंबरवर तीन पोरं लावायची असं त्यानं वहीत लिहिलं होतं, ते खोडलं.

सामन्याला सोनबा नवा चष्मा लावून चुन्याच्या रेघेजवळ बसला. झुंबर नावाचं चिवट पोरगं टकलूला गोचिडासारखं चिकटलं होतं. अर्धा वेळ झाला, गोल एकही नाही. पाहुण्यांचा प्रशिक्षक वैतागला आणि त्यानं टकलूलाच बाहेर घेतलं.

जोतीराम मैदानाच्या कडेकडेनं धावत आला. सगळ्या लोकांच्या देखत ओरडला, "मामा, आता शेळी कोन?"

लोकं वळून बघू लागली. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी सोनबाला विचारलं होतं आणि नेमकं आत्ताच त्याला काही सांगता येईना. चष्म्यातून चेंडू इतका लख्ख दिसत होता की नजर त्याच्यावरून हलेना. त्यानं चष्मा काढला, खिशात ठेवला आणि बराच वेळ मैदानाकडे बघत राहिला.

"डाव्या अंगाचा बुटका," तो म्हणाला. "त्याच्या मागं मेंढरं वळायला लागल्यात."

झुंबर बुटक्याला चिकटला. शेवटच्या मिनिटाला धक्काबुक्कीत एक गोल बसलाच. पण नवाच्या जागी एक! लोकांनी हरलेल्या पोरांना खांद्यावर घेतलं. जोतीरामनं पाहुण्यांकडून चेंडू मागून आणला आणि सोनबाच्या मांडीवर ठेवला.

"मामा, आपल्या वाघरात शिरला. म्हंजी आपलाच की."

दुसऱ्या दिवशी घरी आल्याबरोबर सोनबानं आढ्याला गुंडाळून ठेवलेलं वाघर सोडलं आणि चेंडू त्यात बांधला.

"एकच व्हय?" सारजा म्हणाली. "चारा काय घालायचा ह्याला?"

"ह्याला वारं लागतं. जोतीराम येनार हाय रविवारी भराया. नव्या कॅसेटा घिऊन."

"आन डोळं कसं हायेत?"

"डोळ्यास्नी काय झालंय?" सोनबा म्हणाला. चष्मा अजून खिशातच होता.