गाडी चार बोटं खाली बसली

मास्तरांनी बत्तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवली आणि निवृत्त झाल्यावर एका साप्ताहिकात नव्या गाड्यांची परीक्षणं लिहायला घेतली. आता परीक्षण म्हटलं की लोक इंजिन बघतात, वेग मोजतात. मास्तरांची तऱ्हाच वेगळी. ते आपल्या थोरल्या बहिणीला मागच्या सीटवर बसवायचे आणि ताई वाटेत किती वेळा "आई गं" म्हणाल्या ते वहीत टिपायचे. तीनच्या आत असेल तर गाडी चांगली. वाचकही आधी तोच आकडा शोधायचे.

पण पाच महिन्यांपूर्वी ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर भाच्याच्या उंच गाडीत त्यांना चढवायला तिघे लागले. एक ओढतोय, दोघे ढकलताहेत, आणि अख्खी गल्ली खिदळतेय! "मी काय कपाट आहे का ढकलायला?" म्हणत ताई घरात गेल्या त्या गेल्याच. पाय बरा झाला, डॉक्टर म्हणाले बाहेर पडा, तरी त्यांनी खिडकीतली खुर्ची सोडली नाही. जिवाभावाच्या मैत्रिणीला फोन करणंसुद्धा बंद. परीक्षणं अळणी झाली ते एक वेळ चाललं असतं. मास्तरांना घोर लागला होता तो बहिणीचा.

अशात शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीने आपली नवी ऐसपैस, उंच एसयूव्ही एका दिवसासाठी पाठवली. सोबत टाय लावलेले एक साहेब. त्यांनी गाडी अशी काही पिटाळली की शेजारी बसलेल्या मास्तरांचा पाय दणादण खाली आपटू लागला. शिकवण्याच्या गाडीत त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक असायचा ना! इथे नुसता गालिचा.

"काका, भोक पडेल गालिच्याला."

"मग हळू हाका की!"

"घाबरू नका. वेग वाढला की ही आपोआप खाली बसते, जमीन घट्ट धरते."

मास्तरांनी कान टवकारले. "आणि उभी असताना?"

"तेव्हाही बसते. बटण आहे. सामान चढवायला."

"फिरवा गाडी. आधी माझ्या घरी."

खिडकीतून ताई कडाडल्या, "केवढं हे धूड! शिडी आणलीस का रे सोबत?"

"तू चढू नकोस. नुसती बघ."

मास्तरांनी बटण दाबलं. गाडीने हळूच सुस्कारा सोडला आणि ती चार बोटं खाली आली. ताई खिडकीबाहेर निम्म्या वाकल्या. "अगं बाई! बसली की ही! परत दाखव."

परत दाखवलं. मग आणखी एकदा.

"आजी, ही सोय खरं तर सामानासाठी..." साहेब सांगायला गेले.

"म्हणजे मी सामान?"

साहेबांचा चेहरा पडला आणि तो बघून ताई अशा हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. हसत हसतच काठी टेकत बाहेर आल्या. "खबरदार कुणी हात लावाल तर!" दाराजवळची मूठ धरली, एक पाय आत, कंबर टेकवली, दुसरा पाय आत. झालं! मास्तर वही उघडून तयारच होते, पण लिहायचं काय? ताईंच्या तोंडातून "आई गं" निघालंच नाही.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर मागून आवाज आला, "एवढीच धावते होय? शर्यतवाले म्हणे!"

साहेबांना तेच हवं होतं. गाडी वाऱ्यासारखी सुटली. मास्तरांचा पाय पुन्हा गालिच्यावर, आणि मागे ताईंच्या शिट्ट्या! शाळेत असताना शिकलेल्या, घरच्यांनी कधीच बंद केलेल्या.

"आता डावीकडे घ्या," ताईंनी फर्मावलं. "त्या निळ्या दारापाशी थांबवा. बसवा खाली."

निळं दार त्या मैत्रिणीचं. ताई आपल्या आपण उतरल्या, बेल वाजवली आणि मागे वळून न बघता आत गेल्या. क्षणभराने दोघींचा एकदमच गलका उठला. कोण काय बोलतंय, कोण ऐकतंय, देवाला ठाऊक.

साहेब घड्याळ बघू लागले. "मागच्या सीटला मसाजची सोय आहे, तीच दाखवायची राहिली. आजींना किती वेळ लागेल?"

"पाच महिन्यांचं साचलंय हो," मास्तर म्हणाले आणि मागच्या सीटवर जाऊन ऐसपैस बसले. "तोवर मलाच दाखवा तो मसाज."