रईसाच्या पसंतीची जोडी

कंधारच्या बसस्टँडसमोर रियाजचं लाऊडस्पीकरचं दुकान आहे. कोणत्या अ‍ॅम्प्लिफायरशी कोणता स्पीकर जमेल, हे तो कानानं ठरवतो. खोक्यावर छापलेले वॅट आणि ओहम त्याच्या लेखी स्थळाच्या बायोडाटासारखे. खरं काय ते नांदायला लागल्यावरच कळतं. जोडी जमवायची झाली की तो एकच कॅसेट लावतो. "बारूळ... सोनखेड... लोहा... मुखेड..." असा एका बाईचा आवाज रस्त्यावर येतो. परगावचा एखादा प्रवासी बस लागली समजून पिशवी उचलतो आणि स्टँडवरचे लोक हसतात.

तो आवाज रईसाचा, रियाजच्या बायकोचा. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. 'बारूळ'मुळे खर्ज कळतो, 'सोनखेड'मुळे धार कळते, म्हणून त्यानंच ती नावं तिच्याकडून वाचून घेतली होती. पुढं तीन महिन्यांत ती गेली. तेव्हापासून तालुक्यातल्या कितीतरी मशिदींत, मंदिरांत, शाळांत पहिला आवाज तिचाच घुमला. जोडी नीट बसली नाही की रियाज म्हणायचा, "रईसा नाराज हाय." लोकांना ती गंमत वाटे. त्याला मात्र खरंच वाटायचं, की ती कुठल्यातरी खोक्यात बसून आपलं काम ऐकते आहे. त्या कॅसेटमध्ये एक बारीक घरघर होती. टेपचा दोष, दुसरं काय! ती ऐकू येईनाशी होईपर्यंत तो खालचा, खर्जाचा आवाज कापत जाई. रईसाचा आवाज कोवळा, स्वच्छ झाला की जोडी पास.

यंदा गावातल्या रामलिंगनं मंगल कार्यालय बांधलं आणि तिथला साउंड रियाजनंच बसवला. पण मंगलाष्टकं नुसती टणाटण वाजायची, मागच्या खुर्च्यांना एक शब्द कळेना. रामलिंग विष्णुपुरीहून शिल्पाला घेऊन आला. ती तिथं इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवते. तिनं हॉलच्या मधोमध माइक ठेवला, स्पीकरमधून एक लांब शीळ सोडली आणि लॅपटॉपवरची रेघ बघितली.

"चाचा, खालचा आवाज जवळजवळ सगळाच कापलाय तुम्ही."

"मशीनला काय कळतंय, मॅडम? तीस वर्षं कानावर काम करून राहिलो." चारचौघांत कानाची इज्जत जायची वेळ आली होती. "रईसाला इचारू. तिला पटलं तर तुमचं खरं."

शिल्पानं मोजमापाप्रमाणे सगळं लावून दिलं. रियाजनं कॅसेट टाकली.

"बारूळ..."

रियाजनं वळून स्पीकरकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ती अशी आली नव्हती. आवाज जड होता, थकलेला होता, अगदी शेजारी उभं राहून बोलावं तसा. आणि त्याच्या खाली घरघर.

"ऐका! टेपचा दोष वर आला का न्हाई?" तो जिंकल्यासारखा ओरडला.

शिल्पा पडद्याकडे बघत राहिली. "चाचा, टेपची घरघर सलग असते. ही शब्द आला की थांबते आणि श्वास घेतला की येते." मग हळूच म्हणाली, "त्यांना छातीचा काही त्रास होता का?"

रियाज खाली बसला. शेवटी तिला दवाखान्यात नेलं तेव्हा नांदेडच्या डॉक्टरनं विचारलं होतं, धाप कधीपासून लागते? त्यानं सांगितलं होतं, परवापासून. आणि इथं ती तीन महिने आधीच गावागावाला दम घेत होती. तो समोर बसून 'एकदा अजून, एकदा अजून' म्हणत होता, म्हणून सगळी यादी वाचत होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

"...मुखेड," रईसा म्हणाली, तिनं श्वास ओढला आणि टेप संपली.

"ती घरघर वेगळी करून काढता येईल, चाचा," शिल्पा म्हणाली. "आवाजाला धक्का लागणार नाही. काढू?"

"नको," रियाज म्हणाला. "अकरा वर्षं म्याच काढून राहिलो होतो."